महोगनीचा पलंग

थोरल्या मुलीची सुपारी फुटली तेव्हा मेहकरच्या होणाऱ्या व्याह्यांनी आंदणात महोगनीचा पलंग मागितला. नागपूरला कुण्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी तो एकदा, तोही खिडकीतून पाहिला होता. महोगनी बारमाही ओल्या जंगलात वाढते. आमच्या चिखलीच्या बाजूला उन्हाळ्यात विहिरीसुद्धा तळ दाखवतात. मी स्पष्ट सांगितलं, ते लाकूड इथं मिळणार नाही. चांगलं मिळेल ते देईन.

बांधावरचा कडुनिंब वादळात पडला होता. त्याचा गाभा लालसर, वाळवी न लागणारा. साडेसहा फूट बाय चार फूट पलंग करून घेतला. कडुनिंब महोगनीच्याच कुळातला, हे मला शेतकी शाळेच्या मास्तरांनी सांगितलं होतं.

व्याही मुलाला घेऊन पलंग पाहायला आले आणि जोड्यांसकट त्यावर आडवे झाले.

"वा इवाई! महोगनी ते महोगनीच. वासच सांगते!"

"कडुनिंब होय तो. आमच्याच बांधावरचा."

ते चटका बसल्यासारखे उठले. "मयतीहून आल्यावर ज्याचा पाला चावतो, त्याच्यावर माह्या पोराले निजवता काय?"

"पाडव्याले कोनता पाला खाता मंग?"

यावर त्यांनी थोडा विचार केला. त्यांना विचार करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हळूच म्हणाले, "असं करा, मांडवात महोगनीच सांगा. कोनाले कळते?"

"कोनी विचारलं तर मी कडुनिंबच सांगीन."

"मंग कशी जमन सोयरीक?"

सुपारी फुटल्यावर सोयरीक मोडली की बोट मुलीकडेच दाखवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी मुलाला विचारलं, "तुमचं काय म्हननं हाय?"

पंचविशीचा, नोकरीवाला माणूस. बापाकडे पाहून म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "नाही म्हना. उद्या ह्याचा बाप म्हनन, हे तुही बायकोच नाही, तं हा 'हो'च म्हनन."

मी नाही म्हटलं. व्याह्यांनी बराच वेळ आमच्या घराण्याचा उद्धार केला. नकार कानी पडूनही बशीतला चहा मात्र शेवटपर्यंत ओढला, आणि एसटीला अजून अवकाश आहे म्हणून आणखी अर्धा कप मागितला.

मुलगी म्हणाली, "साखर संपली." डबा भरलेला होता.