नाव न दिलेली फाइल

"बसा. आधी तोंड पुसून घेतो," असं पेंटर म्हणाले की नवं गिऱ्हाईक हमखास आपल्याच तोंडावरून हात फिरवायचं. पेंटर तोवर खिशातला रुमाल काढून मॉनिटरची काच पुसायला लागलेले असायचे. पडद्यावर कुणाचा तरी फोटो उघडलेला असायचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत, तापानं फणफणलेल्या माणसाचं तोंड पुसावं तशा हलक्या हातानं ते काच पुसत. मग खुर्ची पुढं ओढून कामाला लागत.

शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीत, एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. शेजारी माझं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्यांचं खरं नाव मला वर्षभरानं कळलं, तेही लाइट बिलावरून. ते मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत होते. घर आणि बायको दौंडलाच; पेंटर सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे आणि शनिवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस दुकानामागच्या खोलीत काढायचे.

आयुष्याची पंचवीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. ट्रकच्या मागचे मोर रंगवले, शाळेच्या भिंती रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत ब्रश डब्यात वाळून गेले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पेंटर कॉम्प्युटर शिकले. माऊस मात्र ते शेवटपर्यंत तीन बोटांत धरायचे, ब्रशासारखा. मी कितीदा सांगितलं की आख्खा पंजा ठेवा. ते म्हणायचे, "पंजानं कुठं चित्र निघतंय व्हय?"

त्यांच्याकडं दोनच प्रकारची माणसं येत. एक वाढदिवसाच्या शुभेच्छांवाली, दुसरी भावपूर्ण श्रद्धांजलीवाली. पहिल्या प्रकारच्या लोकांकडं फोटो ढिगानं असत. दुसऱ्यांकडं बहुतेकदा एकच, तोही कुठल्या तरी लग्नातला. गेलेला माणूस तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड उभा. पेंटर त्याला तिथून अलगद बाहेर काढायचे, फेट्यानं झाकलेला खांदा नवा करायचे, चेहरा उजळायचे. "माणूस बारीक करायचा न्हाई," हा त्यांचा नियम. स्कॅन मोठ्यात मोठा, आणि प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळी ठेवायची. चुकलं तर मागं जाता यावं म्हणून.

त्यामुळं त्यांची हार्ड डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेली असायची. दर पंधरा दिवसांनी ते माझ्या दारात उभे राहून सांगत, "इंजिनियर, यंत्र परत धापा टाकतंय." मी जाऊन एकेक फोल्डर उघडून बघायचो. त्यात अर्धा दिवस जायचा.

मग माझ्या हाती एक छोटा प्रोग्राम लागला, पुण्याच्या एका मित्रानं सीडीवर दिलेला. हा प्रोग्राम सगळी डिस्क वाचून पडद्यावर रंगीत चौकोनांचं एक चित्र काढायचा. एक फाइल म्हणजे एक चौकोन. फाइल मोठी तर चौकोन मोठा. जागा कुणी खाल्लीय ते एका नजरेत कळायचं. मी तो पेंटरांच्या कॉम्प्युटरवर चालवला. ते खुर्ची सोडून उभेच राहिले.

"हा तर गटाचा नकाशा हाय," ते म्हणाले. "कुणाचं किती रान, समदं दिसतंय. हा एवढा जांभळा कुणाचा?"

मी त्यावर टिचकी मारली. एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला, चौदा वेळा केलेला. पुढाऱ्याला आपल्या मिशा पसंत पडत नव्हत्या. पेंटर खोकला येईपर्यंत हसले. मग चष्मा नीट करून त्यांनी विचारलं, "आन् गेलेली माणसं कुठं हायेत?"

मी उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला. काम संपलं की गेलेल्या माणसाची एकच छोटी प्रत उरायची, त्यामुळं तिथं मोहरीएवढे ठिपके दाटीवाटीनं बसले होते. पेंटर पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघून एवढंच म्हणाले, "एवढ्यातच बसली व्हय समदी."

त्यानंतर त्यांना त्या नकाशाचा नादच लागला. दोन-चार दिवसांनी मला बोलवायचे, नकाशा काढायला लावायचे आणि चहा पीत बघत बसायचे. वाढदिवस पुसायला त्यांची कधीच ना नसे. कोपऱ्यातल्या ठिपक्यांना मात्र हात लावू देत नसत.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर न्हावऱ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची बाई त्यांच्याकडं आली. धनगराचं घर, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता थोडी शेती होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दहावीचं हॉल तिकीट होतं. मुलगी परीक्षा देऊन आली आणि तापानं पडली, ती उठलीच नाही. निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती. तिचा दुसरा फोटोच नव्हता. हॉल तिकिटावर होता तो अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याच्या अर्ध्या भागावर शाळेचा जांभळा शिक्का. गाल, नाक, ओठ, सगळं शिक्क्याखाली.

वर्षश्राद्धाला मोठा फोटो पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. पेंटर म्हणाले, "ताई, वेळ लागंल. पर काढतो मी हिला भाईर."

फोटो स्कॅन करून त्यांनी हॉल तिकीट परत दिलं. पुढच्या खेपेला बाईनं सांगितलं की नवऱ्यानं ते पोरीच्या कपड्यांबरोबर आणि वह्यांबरोबर नदीत सोडलं. तिनं मॉनिटरकडं बघून म्हटलं, "आता हितंच हाय ती."

कित्येक महिने पेंटर ते काम करत होते. दुसरं काम संपलं की ती फाइल उघडायची आणि शिक्क्याची शाई एकेका टिंबानं उचलायची. मी कधी डोकावलो तर मला फरक कळायचा नाही. त्यांना कळायचा. "आज नाकपुडी सुटली," असं ते सांगायचे.

वर्षश्राद्धाला महिना-दीड महिना राहिला होता, तेव्हा पेंटरांच्या बायकोचं दौंडला ऑपरेशन झालं. ते आठ दिवस तिकडंच होते आणि दुकानाची किल्ली माझ्याकडं होती. त्यात एका सभेचा मोठा फ्लेक्स तातडीचा निघाला. चित्र पेंटरांनी तयार करून ठेवलं होतं. मी फक्त छपाईची फाइल बनवून द्यायची होती. पण डिस्कवर जागाच नव्हती. मी दवाखान्यात फोन लावला. ते म्हणाले, "नकाशा काढा आन् वाढदिवसाचं काय बी पुसा. बाकीच्याला हात लावू नका."

मी नकाशा काढला. वाढदिवस आम्ही आठवड्यापूर्वीच पुसले होते. मधोमध एक भलामोठा हिरवा पट्टा पसरला होता, वाढदिवसांच्या गर्दीत आजवर माझ्या नजरेत न भरलेला. आत बावीस फायली होत्या. एकीलाही नाव नव्हतं, नुसते आकडे. मी पहिल्या दोन-तीन उघडल्या. प्रत्येकीत तीच मुलगी, तोच शिक्का. मला वाटलं, सगळ्या नकलाच आहेत. शेवटचा आकडा असलेली एक ठेवली, म्हणजे सगळ्यांत पुढचं काम राहील, असा माझा हिशेब. ती मी उघडून बघितली नाही. बाकीच्या एकवीस कायमच्या पुसल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्या सभेची फाइल चढवली.

संध्याकाळी सहज म्हणून ती ठेवलेली फाइल उघडली. आत फोटोभोवतीची नक्षीची चौकट होती, खाली नाव आणि तारखा होत्या. मध्ये चेहरा नव्हता.

पुढचे दोन दिवस मी माझं दुकान उघडलं नाही. पुसलेलं परत आणायचे जेवढे प्रोग्राम मिळाले तेवढे चालवले. वीस फायली उघडल्याच नाहीत. एक उघडली. केस आले, मधला भांग आला, कपाळ आलं. भुवयांखाली सगळं राखाडी.

पेंटर दौंडहून आले तेव्हा मी त्यांना पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्चीत बसले, ती कपाळाची फाइल उघडायला लावली. मी त्यांच्या शिव्यांची वाट बघत उभा होतो.

"तुमची चूक न्हाई," ते म्हणाले. "मी पोरीला नाव दिलं न्हाई. नाव असतं तर तुमी थांबला असता."

हे खरं नव्हतं. बाकीच्याला हात लावू नका, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते त्यांनाही आठवत होतं आणि मलाही.

बाजाराच्या दिवशी ती बाई आली. पेंटरांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, माझ्या हातून पोरीचा फोटू पुसला गेला."

मी दारातच होतो, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्याच्यानं बोलवलं नाही.

बाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "समदाच गेला?"

"कपाळ राहिलंय."

तिनं ते दाखवायला सांगितलं. पडद्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "भांग मीच पाडला व्हता त्या दिशी. फोटू काढायचा म्हणून."

ती गेल्यावर पेंटरांनी माळ्यावरून एक जुनी ट्रंक काढली. आतला जाड कागद कडेनं पिवळा पडला होता. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. कपाळ आणि भांग त्या फाइलवरून जसाच्या तसा उतरवला आणि भुवयांपाशी थांबले. पुढचं सगळं आठवणीनं काढायचं होतं. त्यांच्या आणि त्या बाईच्या.

दर बाजाराला ती तासभर येऊन बसायची. पेंटर विचारायचे, ती सांगायची, ते काढायचे आणि खोडायचे. "ही लई हसती," ती म्हणायची, "ती आसं दात दावून हसायची न्हाई." किंवा, "नाक बापावर गेलं व्हतं." पुढच्या बाजाराला नवऱ्याला घेऊन यायची, पेंटर त्याचं नाक निरखायचे. तो बिचारा अवघडून छताकडं बघत बसायचा. एकदा बाईला मुलीची हनुवटी कशी होती ते आठवेना. त्या दिवशी ती जशी रडली तशी आधी कधी रडली नव्हती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या बाजाराला पेंटरांनी पुरं झालेलं चित्र तिच्यासमोर धरलं. चित्र सुरेख होतं. एक शहाणी, शांत मुलगी समोर बघत होती. बाईनं ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"कपाळ तिचं हाय," ती म्हणाली. "बाकी दुसरीच कोनतरी हाय." आणि चित्र टेबलावर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. म्हणाला, "द्या ते. पाव्हनं येत्यात, भिंत मोकळी दिसती." पेंटरांनी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही काम केलं नाही.

पुढं फ्लेक्सची मोठी यंत्रं आली, तयार नमुने आले. पोरंसोरं तासाभरात फ्लेक्स काढून द्यायला लागली. पेंटरांच्या बायकोची तब्येतही साथ देत नव्हती. त्यांनी दुकान बंद केलं आणि ते कायमचे दौंडला गेले. जाताना डिस्कवरचे सगळे ठिपके त्यांनी सीड्यांवर घालून घेतले आणि प्रत्येक सीडीवर जाड पेनानं नावं लिहिली. त्यानंतर आमची भेट क्वचितच झाली.

पेंटर वारल्याचं मला एका ओळखीच्या कंडक्टरकडून कळलं, तेही पंधरा दिवसांनी. सकाळी भाजी घेऊन घरी आले, पायरीवर बसले आणि गेले. मी दौंडला जाऊन त्यांच्या बायकोला भेटलो. परतीची एसटी न्हावऱ्याला थांबली, आणि तिथं मी उतरलो. पाच वर्षं जे वाक्य घशात घेऊन हिंडत होतो ते त्या बाईला एकदा सांगून टाकायचं होतं.

विचारत विचारत वस्तीवर पोचलो. बाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं, आत नेऊन सतरंजी टाकली. समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं. पण मी पाहिलं होतं ते हे नव्हतं. डोळे वेगळे होते, ओठ मिटलेले होते, हनुवटी जराशी पुढं आली होती. कागद जागोजागी खोडून पातळ झाला होता.

मी बघतोय हे पाहून ती सांगायला लागली. पेंटर दर साली तिथीला यायचे. दौंडच्या पहिल्या एसटीनं यायचे, चित्र खाली उतरवायचे, चौकटीतून काढायचे आणि विचारायचे, ताई, आता सांगा. पहिल्या साली ओठ झाले. दुसऱ्या साली नाक. डोळ्यांना दोन वर्षं लागली. चहा प्यायचे, जेवायला मात्र थांबायचे नाहीत.

"आता लई करून तीच झाली," ती म्हणाली. "डावा कान तेवढा जमंना. औंदा करतो म्हणले व्हते, पर आलेच न्हाईत. बरं हायेत नव्हं?"

मी सांगितलं. आणि त्यालाच जोडून, थांबलो तर परत राहून जाईल म्हणून, सांगितलं की फोटो मी पुसला होता, मावशी, त्यांनी नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं विचारलं, "त्यांच्या मागं घरी कोन हाय?"

"बायको आहे."

"येकलीच?"

"हो."

तिनं मान हलवली. मग उठली, चित्रापाशी गेली. डाव्या कानाच्या जागी नुसती एक फिकी, अर्धी रेघ होती. कागदाला न टेकवता तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या मग आता आसंच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.