नमुन्यांचं कपाट

लग्न होऊन बागबाजारच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आल्यावर सासूबाईंनी वृंदाताईंना पहिल्याच दिवशी नीट बसवून सांगितलं होतं, ते देवांविषयी नव्हे, नाकाविषयी. "आमच्या चारूचं नाक म्हणजे घराचं पोट आहे बाई. सकाळी तो बाहेर पडेपर्यंत फोडणी नाही, उदबत्ती नाही, वासाचा साबण तर आणूच नकोस. गजरा घालायचा तर संध्याकाळी." सांगलीहून बी. ए. होऊन आलेल्या वृंदाताईंना तेव्हा हसू आलं. पुढे आयुष्यभर त्यांनी ते पाळलं. संध्याकाळचा गजराही लवकरच बंद झाला, कारण चारुदत्त आगाशे संध्याकाळी घरी येताना नमुन्याच्या पुड्या घेऊन येत.

आगाशांची ही कलकत्त्यातली तिसरी पिढी. आजोबा गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेबखात्यात आले आणि इथलेच झाले. नातू चहाच्या लिलावाचं काम पाहणाऱ्या एका जुन्या पेढीत चाखणारा म्हणून लागला. लांबलचक टेबलावर ओळीने पांढरे पेले, चमच्यातून सुर्रकन ओढलेला घोट, तो तोंडात फिरवून थुंकदाणीत सोडायचा, की पुढचा पेला. केसांना वासाचं तेल लावून आलेल्या उमेदवाराला चारुदत्त दारातूनच परत पाठवत. "चहा फार भोळा प्राणी आहे," ते सांगत, "शेजारी जे असेल तेच होऊन बसतो." आणि दुसरं एक सांगत, "आपण राहतो त्या घराचा वास आपल्याला कधी येत नाही. म्हणून कामावर येताना घर बाहेर ठेवून या."

घरातलं सागवानी कपाट त्या नमुन्यांचं. सगळ्या घरात तेवढीच एक जागा कोरडी, कारण पाठीमागची भिंत शेजारच्या बेकरीच्या धुराड्याला लागून. त्या कपाटात वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा चालत नसे.

निवृत्तीनंतर शौनक नावाचा एक बंगाली तरुण आला. सॉल्ट लेकला त्याची लहानशी कंपनी, सुगंधी चहांची: गुलाब घातलेला, आंबा घातलेला, विड्याच्या पानाचा. चारुदत्तांना असल्या चहाचा मनस्वी तिटकारा. "चांगल्या चहाला फुलं लागत नाहीत, आणि वाईट चहाला ती पुरत नाहीत," असं त्यांनी त्याला तोंडावर ऐकवलं. शौनक हसला. "जेठू, हेच लिहा ना. खरं लिहिणारा माणूसच हवाय मला." तो त्यांना जेठू म्हणायचा, म्हणजे बंगालीत मोठे काका, आणि वृंदाताईंना जेठिमा. काम असं ठरलं की त्याचे आणि इतर कंपन्यांचेही चहा चाखायचे, आणि प्रत्येकाविषयी चार ओळी इंग्रजीत लिहून द्यायच्या. त्या ओळी डब्यावर छापल्या जात, खाली चारुदत्तांचं नाव आणि एक लहानसा फोटो. पहिला डबा घरी आला तेव्हा त्यांनी तो टीव्हीवर नेऊन ठेवला.

मग एका हिवाळ्यात साधा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, रोज लवंग-लिंबू हुंगा. चारुदत्त रोज सकाळी खिडकीत बसून लवंगेची डबी नाकाशी धरत. कित्येक महिने धरली. एक दिवस ती डबी वृंदाताईंना स्वयंपाकघरात, जागच्या जागी ठेवलेली दिसली.

शौनकला कुणी काही सांगितलं नव्हतं. आंब्याचा एक चहा समोर ठेवून चारुदत्त बसले होते. एक घोट झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. वृंदाताई दारात उभ्या होत्या.

"अगं, जरा बघ. हा आंबा कैरीकडचा आहे का पिका?"

त्यांनी पेला नाकाशी नेला. "कैरीही नाही आणि पिकाही नाही. अढीतला आहे, पेंढा लागलेला."

चारुदत्तांनी मान खाली घातली आणि लिहिलं. त्या दिवशी दोघांनाही जे कळलं ते कुणी बोलून दाखवलं नाही, आणि मग बोलायचं राहूनच गेलं.

तिथून पुढे नाक वृंदाताईंचं आणि शब्द चारुदत्तांचे. कडू किती, तुरट किती, घोट जिभेला किती धरतो, एवढं त्यांची जीभ अजून सांगे. बाकीचं त्या सांगत. "माहेरच्या देव्हाऱ्यातला कापूर, डबीत उरलेला." "पाटीखाली राहिलेला पेरू." ते इंग्रजीत उतरवत, आणि लोकांना ते फार आवडे. शौनक म्हणायचा, जेठू म्हातारपणी कवी झाले. चारुदत्त ऐकून घेत आणि चष्मा पुसत बसत. हे काम गेलं तर हा माणूस सकाळी उठून दाढी कशासाठी करील, हे वृंदाताईंना सांगता आलं नसतं. म्हणून त्या हुंगत राहिल्या.

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी घरात वास परत आणले. आधी उदबत्ती, भीत भीत. मग बाजारातून मोगरा आणला, तो दिवसभर वेणीत ठेवला. चारुदत्त शेजारी बसून पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलंही नाही. मग बडाबाजारातून दगडफूल आणि नागकेशर शोधून आणलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गोडा मसाला भाजला. तोवर तो पुण्याहून नणंदेकडून आयता येई, तोही तिहेरी पिशवीत बांधून. खोबरं तांबूस व्हायला लागलं, तीळ तडतडले, आणि सगळं घर भरून गेलं तशा वृंदाताई ओट्याशी उभ्या उभ्या रडल्या. आनंदाने रडल्या, याची लाज त्यांना त्याच वेळी वाटली.

यंदा दुर्गापूजेच्या आधी त्यांनी जास्तीचा मसाला केला. हवा अशी ओली की मीठसुद्धा पाझरत होतं. मसाला कोमट होता, झाकण लावलं तर आतून घाम धरणार, म्हणून बरणीच्या तोंडाला नुसता फडक्याचा दादरा बांधला. ठेवायची कुठे? घरात कोरडी जागा एकच. काही दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

त्याच कपाटात शौनकने पूजेसाठी केलेल्या नव्या चहाची कागदी पुडी होती. शिउलीचा चहा, म्हणजे आपला प्राजक्त. ती उघडली तेव्हा वृंदाताईंना फूल आधी लागेना. मग लागलं, पुसटसं. "त्याच्या मागे काहीतरी ऊबदार आहे," त्या म्हणाल्या. "भाजकं. सणाच्या घरासारखं. छान आहे हो." चारुदत्तांनी लिहिलं: फुलामागे सणासुदीच्या घराची ऊब. लेबलं छापून झाली. चहा विकायला गेला, आणि गिऱ्हाइकं विचारू लागली की ती ऊब कुठे आहे, आम्हांला तर नुसतं फूल लागतंय.

"तुमच्याकडे वेगळी खेप आली असेल," शौनक फोनवर म्हणाला. "उरलेली पुडी घेऊन याल का, जेठू?"

दोघं गेले. उल्टाडांग्याहून ऑटो, मग पुढे शौनकच्या काचेच्या खोलीत. तिथली हवा थंड, कशाचाच वास नसलेली. शौनकने पुडी उघडली, नाकाशी नेली आणि आधी हसला, कुणी गंमत केली असेल अशा समजुतीने. मग हसू गेलं. त्याने पुडी चारुदत्तांपुढे सरकवली.

चारुदत्तांनी डोळे मिटले, पुडीत नाक घातलं आणि जुन्या दिवसांसारखा दीर्घ श्वास घेतला. "फूल वर आहे," ते म्हणाले. "मागे तो भाजका ऊबदारपणा. मी लिहिलंय तसंच."

आणि तेव्हा टेबलाच्या या बाजूला बसलेल्या वृंदाताईंना वास आला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल. घरापासून इतक्या लांब, त्या कोऱ्या हवेत, त्यांना त्यांचं घर परक्यासारखं भेटलं. प्राजक्ताचा त्यात मागमूस नव्हता. कालच कामाला लागलेल्या पोरानेही ती पुडी नाक मुरडून बाजूला ठेवली असती.

"जेठू," शौनक हलक्या आवाजात म्हणाला, "यात फूल नाहीच आहे. मसाला आहे."

"माझी चूक," वृंदाताई म्हणाल्या. "बरणी त्या कपाटात ठेवली मी."

"ते होतं, जेठिमा. पण जेठूंना…" त्याने वाक्य सोडून दिलं.

चारुदत्तांनी पुडीचं तोंड दोनदा दुमडलं, हवा लागू नये म्हणून, जसं ते आयुष्यभर दुमडत आले होते. मग शौनक म्हणाला, फार प्रेमाने म्हणाला, "आता तुम्ही आराम करा. लिहायचं मी बघतो. नाव आणि फोटो डब्यावर राहतीलच. लोकांना सवय झालीय."

"फोटो काढून टाक," चारुदत्त म्हणाले. "ज्याला वास येत नाही त्याचं नाव चहावर नको."

दोन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तेही परक्या खोलीत आणि बंगालीत.

घरी आल्यावर चपला न काढताच चारुदत्त कपाटापाशी गेले.

"कुठली बरणी?"

वृंदाताईंनी दाखवली. चारुदत्तांनी दादरा सोडला आणि आत तोंड घातलं. बाहेर काढलं तेव्हा नाकाच्या शेंड्याला मसाला लागला होता.

"काय काय आहे यात?"

वृंदाताईंनी एकेक नाव सांगितलं. गाडी न थांबता जावी आणि आतून स्टेशनांची नावं वाचावीत, तसे ते ऐकत राहिले.

"कधीपासून करतेस?"

"तुमचं नाक गेल्यावर."

"आणि तो मोगरा? पिनांच्या डबीत पाकळ्या दिसल्या होत्या मला."

"तोही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं वासावाचून राहिलीस, बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं होतं?"

"तेही खरं." त्यांनी दादरा पुन्हा बांधायचा प्रयत्न केला, गाठ बसेना, तशी बरणी वृंदाताईंच्या हातात दिली. "आमटी कर याची. आता कोणासाठी थांबायचं?"

वृंदाताईंनी आमटी केली, चिंच-गूळ घालून, चांगला चमचाभर मसाला टाकून. चारुदत्तांनी भुरका मारला, सवयीने तोंडात फिरवला. वृंदाताई वाढण्याचा डाव हातात धरून उभ्या होत्या. नवरा खोटं बोलेल आणि छान झालीय म्हणेल, याची त्यांना भीती वाटत होती.

"मीठ बरोबर आहे," चारुदत्त म्हणाले आणि भात कालवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल तापलं आणि वृंदाताईंचा हात हिंगाच्या डबीवर थबकला. इतक्या वर्षांची खोड ती. आतल्या खोलीत चारुदत्त खिडकीशी बसले होते, दाढी न करता. टीव्हीवरचा डबा आणि कपाटातले नमुने त्यांनी काढून ठेवले होते, कुठे ते दिसत नव्हतं.

"घाल गं," त्यांनी तिथूनच सांगितलं. "तेल जळेल."

त्यांनी हिंग टाकला. खमंग वास स्वयंपाकघरातून निघाला, पॅसेजमधून गेला, उघड्या राहिलेल्या कपाटाच्या रिकाम्या फळ्यांवरून फिरला आणि खिडकीशी बसलेल्या माणसाच्या अंगावरून बाहेर गेला. वृंदाताईंनी गॅस बारीक केला. त्यांना तो वास नकोसा झाला होता.