किनारीतली वाट

जगातल्या कुठल्याही फटीला टाके घालून ती बंद करता येते, यावर आमच्या शेजारच्या मावशींइतका ठाम विश्वास असलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या या नेपरव्हिल गावात जन्मभर सर्जन म्हणून काम केलं, पण रिटायर झाल्यावर हात गप्प बसेनात. ओळखीच्यांचे पडदे झाले, सोफ्याच्या खोळी झाल्या. एकदा तर पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची भरली वांगी फुटताहेत म्हणून मावशींनी त्यांनाही टाके घातले. मग ॲरिझोनाला फिरायला म्हणून गेल्या आणि तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीतल्या एका विणकर बाईंच्या मागापाशी जाऊन बसल्या, त्या महिनाभर उठल्याच नाहीत. परतल्यावर त्यांच्या बेसमेंटमध्ये उभा माग आला, लोकरीचे गुंडे आले आणि काकांचं टेबल टेनिसचं टेबल बाहेर बर्फात गेलं. नक्षीचा कागद मात्र कधी आला नाही. "ऑपरेशनला काय नकाशा घेऊन जायचे मी?" म्हणायच्या.

देवधर्म म्हटलं की मावशी नाक मुरडणार. सत्यनारायणाला त्या फक्त शिऱ्यापुरत्या येतात. पण विणकाम शिकवणाऱ्या त्या गुरुबाईंचा एक नेम त्यांनी कडक पाळला. गालिच्याला चारी बाजूंनी किनार आली, की आतल्या नक्षीपासून किनारीच्या बाहेरपर्यंत एक बारीक फिका धागा न्यायचा. विणताना विणणारीचा जीव आत गुंततो, त्याला बाहेर पडायची ती वाट. नाहीतर पुढचा गालिचा विणणार कोण? माझ्या नवऱ्याने एकदा त्या धाग्यावर बोट ठेवून "मावशी, इथे छोटा डिफेक्ट राहिलाय" म्हटलं. "तू कोडमध्ये बग ठेवतोस, मी दार ठेवते," असं सुनावून मावशींनी त्याच्या पुढ्यातली श्रीखंडाची वाटी उचलून नेली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं बदलून झाली, थरथर वाढतच गेली. मागावरचा गालिचा तेवढा त्यांच्या हातून पुरा होऊ दे, एवढंच मला वाटत होतं. तो पुरा झाला आणि मावशींनी तो सरळ माझ्या हातात दिला.

"हॉलमध्ये लाव. सरळ लाव, नाहीतर येऊन काढून नेईन."

मी सवयीने किनारीतला फिका धागा शोधला. नव्हता. किनार चारी बाजूंनी बंद होती.

"मावशी, वाट ठेवायची राहिली?"

"राहील कशी? हा हात आता पुढचा विणणार नाही. मग बाहेर पडून मी जाऊ कुठे? तुझ्याकडे बरी आहे."

मी गालिचा घरी आणून हॉलमध्ये लावला. सरळ.

मावशी अजून शेजारीच आहेत, सगळ्यांना तशाच दटावतात. पण बाहेर जाताना घरातलं हीटिंग कमी करायची आमची सवय मी मोडली आहे. मावशींना थंडी सोसत नाही.