पूजेआधीच समुद्रात गेलेला गणपती

ती घटना आठवली की आधी समुद्र आठवतो, मग माणसं. उन्हात पांढरा पडलेला, काठ नसलेला समुद्र. त्यातलं मी खरोखर किती पाहिलं आणि त्या उन्हाने किती दाखवलं, हे आता नीट वेगळं करता येत नाही. जमेल तसं सांगतो.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. रे रोडजवळच्या आमच्या पोलीस ठाण्यात परळच्या चाळीतली एक बाई आली. तिचा नवरा खलाशी, मूळ कोकणातला. परळमध्येच, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत एका एजंटाचं ऑफिस होतं. त्याने नवऱ्याला जहाजावर लावलं होतं. करार कधीच संपला होता, पण त्याला उतरू देत नव्हते.

"जहाजाचं नाव काय?" मी विचारलं.

"कुठलं सांगू साहेब? तीनदा रंगवून बदललं."

एका देशाच्या तेलावर इतर देशांनी बंदी घातली होती. हे जहाज त्याच देशाचं तेल चोरून वाहत होतं. आदल्या दिवशी नवऱ्याने घाईघाईत फोन केला होता. मुंबईपासून लांब उभे आहोत, दुसऱ्या जहाजात तेल उतरवलं की पुन्हा निघणार, मग कधी फोन होईल सांगता येत नाही. बाई एजंटाकडे गेली, तर तो म्हणाला, "गप्प घरी बस. नाहीतर नवऱ्याला विसर."

तक्रार नोंदवून घेतली आणि बंदरात चौकशी केली. जहाजाने आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बंद ठेवलं होतं. पडद्यावर ते कुठेच नव्हतं, नुसता निळा रंग होता. एजंटाला बोलावलं, तर तो हसत म्हणाला, "जहाज असेल तर दाखवा ना, सर." दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याला जाऊ द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हवालदार भाऊच्या धक्क्यावरून आले.

"साहेब, एक गंमत सांगू? चतुर्थी परवा, आणि एक गणपती आजच समुद्रात गेला."

"विसर्जनाला?"

"अहो, अजून बसलाच नाही तो! तोंडावर रुमाल होता. लाँचमध्ये कांदे, बटाटे, नारळाचं पोतं, आणि मध्ये बाप्पा. सोडायला आलेला माणूस अनवाणी. बूट गाडीत काढून आलेला. कोण असेल सांगा? तुमचा तो एजंट."

माझा अनुभव असा, की माणूस ज्या खोट्याची तयारी करून येतो तेवढंच त्याला नीट बोलता येतं. एजंटाला पुन्हा आणलं, चहा मागवला आणि जहाजाचा विषयच काढला नाही.

"मूर्ती लालबागहून घेतलीत?"

त्याने कप उचलला.

"शाडूची?"

"शाडूची," तो म्हणाला आणि थबकला.

"बसवणार कुठे?"

त्याने कप खाली ठेवला. "साहेब, दुसरं काहीही विचारा. बाप्पा नाही म्हणायला जीभ वळत नाही."

मग तो बोलू लागला. "जहाजावरची पोरं आमच्याच तालुक्यातली. गणपतीला घरी सोडा म्हणून काम बंद करून बसली. म्हटलं, मूर्ती गेली की शांत होतील."

"मग घरीच का नाही सोडलंत?"

"माझ्या हातात आहे का ते? माझ्यावर भाई आहे. इथून पळाला तेव्हा ज्याचं हे तेल, त्या देशाने त्याला ठेवून घेतलं. बंगला दिला, दारात पहारा दिला. बदल्यात भाई माणसं पुरवतो, जहाजांची नावं बदलतो. कुणाला गप्प करायचं असेल तर तेही करतो. त्यांचं सरकार कुठेच दिसत नाही, साहेब. दिसतो तो मी."

त्याने जागा सांगितली. भाईचाच निरोप आहे, आमची पोरं उतरवून द्या, असा फोनही जहाजाच्या कप्तानाला माझ्यासमोर केला.

परवानग्या मिळवून तटरक्षक दलाच्या बोटीतून निघेपर्यंत चतुर्थीची दुपार झाली. ते जहाज आधी सावलीसारखं दिसलं, मग भिंतीसारखं. जुन्या नावाची अक्षरं लोखंडावर वेल्डिंगने उठवलेली होती. तिरप्या उन्हात ती नव्या रंगाखालून वर येत होती, झोपेत कुणी पुटपुटावं तशी. आतून आरती ऐकू येत होती. ताट-वाट्यांचा ठेका, भर समुद्रात.

खलाशांच्या जेवणाच्या खोलीत, उलट्या खोक्यावर बाप्पा बसले होते. आरती संपली, तसा त्या बाईचा नवरा म्हणाला, "साहेब, दीड दिवसाचा आहे. उद्या विसर्जन करून उतरतो."

"उद्या हे जहाज इथे नसेल, बाबा."

त्याने इतरांकडे पाहिलं. "मग बाप्पांनाही घेऊन चला. इथे एकटं नाही ठेवणार."

मूर्ती मांडीवर घेऊन तो बोटीत बसला. धक्क्यावर बायको उभी होती. "हाडं राहिलीत नुसती," एवढंच ती म्हणाली आणि मूर्ती त्याच्या हातातून स्वतःकडे घेतली.

एजंटाविरुद्ध आरोपपत्र दाखल झालं. भाई अजून त्याच बंगल्यात आहे असं ऐकतो. त्या देशाचा एकही माणूस मला तपासात दिसला नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. देश म्हणजे झेंडा, सैन्य आणि वकिलाती असं शिकलो होतो. तो असाही चालतो, परळमधल्या ऑफिसातून आणि उपाशी खलाशांच्या हातांनी, हे मला या तपासाने शिकवलं. कदाचित उशिराच शिकलो.

पण मनात राहिला तो कप्तान. कुठल्या तरी थंड देशातला म्हातारा. आमच्या खलाशांचे पासपोर्ट त्याने कपाटातून काढून माझ्या हातात दिले. मी विचारलं, "तुमचा?" त्याने नकारार्थी मान हलवली. त्याचा पासपोर्ट त्याच्याही वरच्या कुणाकडे तरी होता. जहाज आमच्या हद्दीबाहेर, माणूस दुसऱ्या देशाचा, आणि त्याच्यासाठी आमच्या ठाण्यात कुणी आलं नव्हतं. आम्ही सगळे उतरल्यावर शिडी त्याने स्वतःच वर ओढून घेतली.