फोटोपुरता फ्रॉक

मत्सर वाईट असतो, असं सांगणारी माणसं बहुतेक नुकतीच जेवून उठलेली असतात. मी इतकी वर्षं अंगणवाडी चालवते, पण ही शिकवण मी एकाही पोराला दिलेली नाही. शेजारच्याच्या ताटलीत खिचडीचा डाव भरून पडला आणि आपल्या ताटलीत अर्धा, तर ते पोराला कळलं पाहिजे आणि त्याला राग आला पाहिजे. म्हणून तेजलला कुणी जळकुटी म्हणालं की माझं डोकं फिरतं. जळकुटी आहेच ती. तिच्या जागी मी असते तर चुलतीचं घर पेटवून आले असते.

तेजल आमच्या पाड्यावरची. वाणगाव स्टेशनवरून पूर्वेला रिक्षा जिथवर येते, तिथून थोडं चढून आलं की आमचा पाडा. मी मूळची पाम गावची, लग्न करून इकडे आले आणि इथलीच झाले. तेजल रोज बोईसरला एमआयडीसीत गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. सावळी, ठेंगणी, हनुवटीवर आडवी खूण. हसली की डाव्या गालाला खळी पडते. हे हसू नॉर्वे नावाच्या देशात एका बाईच्या भिंतीवर टांगलेलं आहे. त्याखाली नाव मात्र प्रियंकाचं.

प्रियंका तिची चुलत बहीण. दोघी एकाच पावसाळ्यातल्या, एकाच घरात वाढलेल्या. तेव्हा सुका आणि झिपरू हे दोघे भाऊ एका छपराखाली राहायचे, चुली तेवढ्या वेगळ्या. सुका आणि मंदाची प्रियंका, झिपरू आणि बायडीची तेजल. एक संस्था आली. परदेशातली माणसं म्हणे आपल्या मुलांना दत्तक घेतात, म्हणजे नेत नाहीत, तिकडून खर्च करतात. नियम असा की एका घरातलं एकच पोर. सुका थोरला, म्हणून प्रियंकाचं नाव लागलं. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती.

दिवाळी झाली आणि सुका बायकापोरांना घेऊन वसईकडे वीटभट्टीवर गेला. बायडी बाळंतीण होती म्हणून झिपरू मागे राहिला. नेमका तेव्हा संस्थेचा रूपेश कॅमेरा घेऊन हजर. आज फोटो नाही मिळाला तर नाव कटणार, असं म्हणाला. बायडीला वाटलं, जावेच्या पोरीचं नुकसान नको. तिने तेजलचं तोंड धुतलं, केसाला तेल लावलं आणि माझ्या अंगणवाडीच्या भिंतीला उभी केली. पोर ती पोर, फोटोत काय कळतंय! रूपेश नवीन होता, त्यालाही काही कळलं नाही. तेजल हसली. ते हसू सातासमुद्रापार गेलं आणि इंग्रिड नावाच्या बाईला आवडलं.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, इथे तर आईनेच आपल्या हाताने नेऊन दिलं.

पुढच्या वर्षी रूपेशच्या लक्षात आलं. पण तो म्हणाला, आता बोललात तर फसवलं म्हणून प्रियंकाचं नाव जाईल, आणि माझी नोकरीही. म्हणून ठरलं की दरवर्षी फोटोला तेजलच उभी राहील. मग सुरू झाला तो फ्रॉकचा प्रकार. इंग्रिडबाईच्या भेटीतून प्रियंकाला नवा फ्रॉक यायचा. फोटोच्या दिवशी मंदा तो घेऊन यायची, दाराआड तेजलला घालायची. पोर भिंतीला उभी राहायची, रूपेश म्हणायचा, "हस बेटा." ती हसायची. फोटो झाला की मंदा तिथल्या तिथे फ्रॉक डोक्यावरून ओढून काढायची, घडी घालायची, पिशवीत टाकायची. तेजल चड्डीवर उभी. एका वर्षी लाल फ्रॉक होता, मागे बो असलेला. तो तेजलला अगदी मापात बसला आणि प्रियंकाला दंडात घट्ट झाला. मंदाने शिवण उसवून त्याचा सत्यानाश केला, पण दिला नाही. तेजल आठवडाभर माझ्याकडे जेवली नाही. तिला काय झालंय ते मला कळत होतं, म्हणून मीही आग्रह केला नाही.

नऊ-दहा वर्षांची झाल्यावर ती हसेनाच. रूपेशने किती नाचून दाखवलं, पण हिचं तोंड सुपाएवढं. तसाच फोटो गेला. तिकडून बाईचं काळजीचं पत्र आलं की माझी प्रियंका उदास का, आजारी आहे का, आणि जास्तीचे पैसे पाठवले. त्यातून सायकल आली. कुणाला, ते सांगायला नको. तेजल मला म्हणाली, "बाई, हसले तरी तिला, रडले तरी तिलाच. मी करू तरी काय?" काय सांगणार होते मी? तिच्या हातावर उरलेलं एक उकडलेलं अंडं ठेवलं.

पुढे हनुवटीवर जखमेची खूण आली. पत्रात विचारणा झाली, ही कशाने? पत्रं प्रियंका लिहायची. ती बिचारी तेजलला विचारायला गेली. तेजल म्हणाली, "माजी खूण हाय, मी नाय सांगणार. तुजी तू पड." मग प्रियंकाने लिहून टाकलं, आंब्यावरून पडले.

प्रियंका वाईट नाही, हेही सांगते. अभ्यासाला पक्की. पालघरच्या हॉस्टेलला गेली, बारावी झाली, नर्सिंगला लागली. तेजल दहावीनंतर कंपनीच्या गाडीत बसली. एकदा प्रियंका सुट्टीला आली, पायात पांढरे बूट, मोबाईलवर मैत्रिणींशी हिंदीत बोलते आहे. तेजल नळावर हंडा भरत होती. हंडा भरून वाहायला लागला तरी तिची नजर त्या बुटांवर. म्हणाली, "माज्या तोंडाचे बूट हायेत ते." मी हसले, पण ती नाही हसली.

आणि गेल्या साली निरोप आला की इंग्रिडबाई स्वतः येते आहे.

मंदाची पाचावर धारण बसली. फी बंद झाली तर मधेच नर्सिंग सुटणार. ती बायडीच्या दारात येऊन बसली. बायडी मऊ, ती लगेच हो म्हणाली. तेजल म्हणाली, "येते. पण या वेळी तोंड उघडावं लागल, काकी. फोटो नाय हा." मग ठरलं की तेजल प्रियंका होईल, आणि प्रियंका तिची चुलत बहीण होऊन मधे इंग्रजी सांगेल. दोन दिवस प्रियंका तिला स्वतःचं आयुष्य पाठ करून घेत होती, हॉस्टेलच्या मॅडमचं नाव, आवडता विषय. तेजल ऐकायची आणि मधेच विचारायची, "न मग शनिवारी काय खायला असतं?" सगळं बारीकसारीक विचारून घेतलं तिने. जळणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती फार चांगली असते.

इंग्रिडबाई उंच, पांढऱ्या केसांची, गुडघा धरत गाडीतून उतरली. प्रियंका पुढे उभी होती, हातात फुलं घेऊन. बाईने फुलं घेतली, थँक्यू म्हणाली आणि तिला ओलांडून सरळ तेजलकडे गेली. दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला आणि रडायलाच लागली. हनुवटीच्या खुणेवर अंगठा फिरवून काहीतरी बोलली.

"आंब्यावरून पडलेलीस ना, विचारते," प्रियंका म्हणाली.

"नाय," तेजल म्हणाली. "भात कापताना बांधावरून घसरले. विळा लागला. सांग तिला."

प्रियंका इंग्रजीत काहीतरी बोलली, त्यात मँगो हा शब्द सगळ्या पाड्याला ऐकू आला.

"मँगो काय बोलतेस? मँगो नाय!" तेजल ओरडली. रूपेशने रुमालाने मान पुसली.

मग दोघी बाकावर बसल्या. बाई तेजलचा हात हातात घेऊन बोलत होती, थांबत नव्हती, डोळे पुसत होती. प्रियंकाने सांगितलं, "तुला भेटून बरं वाटलं, म्हणते."

"एवढं लांब बोलली, न तू एवढंच सांगतेस?"

प्रियंकाचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं मी जो तेजलचा पाहिला, तोच. ओठ मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. बाई परत काहीतरी म्हणाली आणि प्रियंका अडखळत म्हणाली, "म्हणते... तू नसतीस तर नवरा गेल्यावर मी जगले नसते." आणि मान वळवली.

 तेजलने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दहावी पास आहे ती, अगदीच अडाणी नाही. "ॲट होम," ती म्हणाली, "ॲट होम, तेजल."

बाईला वाटलं, घरातलं लाडाचं नाव. आनंदाने म्हणून पाहिलं, तेजल, तेजल. मग कुणालाच ती दुसरं काही म्हणू देईना, प्रियंका म्हटलं की मान हलवून म्हणायची, नो, नो, तेजल. मंदा पदर चावत उभी.

जाताना बाईने एक अल्बम तेजलच्या हातात दिला. दर वर्षीचा फोटो. पडलेल्या दाताचा, लाल फ्रॉकचा, रुसलेला. बायडी पानं उलटत होती आणि फोटोंवरून बोट फिरवत होती. तिच्या घरात पोरीचा लहानपणीचा एक फोटो नाही. गाडी वळली आणि मंदाने सवयीने हात पुढे केला. तेजलने बाईने आणलेली अंगावरची शाल काढून दिली, चॉकलेटं दिली, हातातलं घड्याळ दिलं. अल्बम नाही दिला. म्हणाली, "काकी, यात तुजी प्रियंका दाव, न ने."

 त्या संध्याकाळी प्रियंका माझ्याकडे आली आणि ढसाढसा रडली. "बाई, मी तिला सगळं लिवलं. आजा मेला ते लिवलं. पाळी आली ते आयेला सांगायच्या आधी तिला लिवलं. नापास झालेली ते पण. न ती मला थँक्यू बोलली. फुलांचं न इंग्रजीचं." मी तिलाही समजावलं नाही. काय समजावणार? एकीला खर्च मिळाला, एकीला माया. आणि दोघींनाही दुसरीचंच हवं.

पुढचं पत्र 'माझी लाडकी तेजल' असं सुरू झालं. प्रियंकाला त्याचं उत्तर लिहावं लागलं आणि खाली सहीही तेजल अशीच करावी लागली. तेजलला हे कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मला तिचा रागच आला. चांगलं नव्हतं ते हसू.

या वर्षी प्रियंका नर्स झाली. पाड्यातली पहिली. तिकडून एकच मागणी आली की माझ्या तेजलचा नर्सच्या ड्रेसमधला फोटो पाठवा.

रविवारी दोघी अंगणवाडीत आल्या, किल्ली माझ्याकडे असते म्हणून मीही होते. प्रियंकाने पिशवी आणलीच नव्हती. ड्रेस अंगातच घालून आली होती, बहुतेक शेवटपर्यंत सोडवत नसेल. दाराआड जाऊन तिने तो काढला. बदली घालायला काही नाही, म्हणून तेजलचा कंपनीत जायचा विटका कुर्ता अंगात चढवला. त्याला गोळ्यांच्या पावडरीचा वास होता. तिने बाही नाकाशी नेली आणि खाली सोडली.

तेजल बाहेर आली. पांढरा स्वच्छ ड्रेस, खिशावर प्रियंकाच्या नावाची पट्टी, वर पेन. मापात बसला होता, जणू शिंप्याने तिलाच उभं करून शिवला. भिंतीला जाऊन उभी राहिली. प्रियंकाने मोबाईल धरला. "हस," ती म्हणाली.

तेजल हसली नाही आणि रुसलीही नाही. खाली मान घालून ड्रेसच्या गुंड्यांवरून हात फिरवत होती. मग वर बघितलं आणि तसाच फोटो निघाला. इतक्या वर्षांत मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती.

"झालं. काढ आता," प्रियंका म्हणाली. "मला परत ड्यूटीवर जायचं हाय."

तेजल जागची हलली नाही.

"काढ ना गं."

"काढीन," तेजल म्हणाली. "माजा नाय, माहीत हाय मला. पण आज मी बोलेन तवा."

प्रियंकाने माझ्याकडे पाहिलं. मी दाराची किल्ली कनवटीला खोचली. मग ती पोरांच्या छोट्या स्टुलावर बसली, तेजलच्या कुर्त्यात, हात मांडीवर ठेवून, आणि वाट बघू लागली.