विल्फचा होकार

माझा नवरा विल्फ पडनी याला कधी कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. शेजारणीने कपाट माडीवर चढवायला बोलावलं तरी हो, आणि तिच्या नवऱ्याने तेच कपाट खाली आणायला बोलावलं तरी हो. लंडनमधल्या डेप्टफर्डच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला भला माणूस म्हणत. भल्या माणसाशी संसार करून बघा, मग बोलू.

सदुसष्ट साली बिअरची पिंपं पोचवायची पक्की नोकरी सोडून तो तीन वादकांची गाडी चालवायला लागला. ज्युलियन टॅरंट गिटारवर, डगी रस्क बेस गिटारवर, नॉर्मन स्क्वायर ड्रमवर. तिघेही आधी आपापल्या बँडचे राजे. ते एकत्र येणार म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सुरुवातीला खरंच छान चाललं. गाडीत एकाच कागदातले मासे-बटाटे खात, एकमेकांच्या चुकांवर हसत. विल्फ घरी येऊन मला तोंडाने गाणी वाजवून दाखवी. पिंपं उचलताना त्याचा चेहरा असा कधी फुलला नव्हता. त्यासाठीच मी गप्प बसले.

मग मोठा कोण, हे सुरू झालं. ज्युलियनने आवाज वाढवला की डगीही वाढवी, आणि मधे बसलेला नॉर्मन दोघांना शिव्या घालत ड्रम बडवी. पुढे ज्युलियन आणि डगी एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच खोलीत बसून निरोप मात्र विल्फकडे देत. ज्युलियन म्हणे, त्या गाढवाला सांग, त्याचं वाजवणं फार लांबतं. विल्फ हो म्हणे आणि डगीला जाऊन सांगे की तुझं वाजवणं इतकं रंगतं, की लोकांना थोडी हुरहुर लागेल तिथेच थांबत जा. डगी खूश. असा तो बँड विल्फच्या जिभेवर चालला होता.

"तू ड्रायव्हर आहेस का त्यांची आई?" मी एकदा विचारलं.

"बँड टिकायला हवा, डोरीन," एवढंच तो म्हणाला.

बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाला मीही गेले होते. शेवटी रेल्वेचं गाणं घेऊ, असा ज्युलियनचा निरोप आला. विल्फ हो म्हणाला. तुरुंगाचं घेऊ, असं डगीने सांगितलं, त्यालाही हो. कुणाची समजूत कशी काढायची, याचा तो विचारच करत राहिला, तेवढ्यात पडदा वर गेला.

ते वाजवत ती ब्लूजची गाणी बहुतेक एकाच साच्यातली. तालाची बारा घरं मोजायची आणि परत पहिल्यावर यायचं. पट्टीही दोन्ही गाण्यांची एकच. त्यामुळे एक जण रेल्वेबद्दल गात होता, दुसरा तुरुंगाबद्दल, आणि आवाज असा कानठळ्या बसवणारा, की दोघांनाही पत्ता नाही. मी आणि विल्फ पडद्याआडून तोंडावर हात ठेवून बघत होतो. प्रेक्षक मात्र वेडे झाले, उभे राहून टाळ्या पिटत राहिले.

आत आल्यावर नॉर्मनने हसतहसत झालेला घोळ सांगितला. कितीतरी महिन्यांनी ते दोघे समोरासमोर बोलले, तेही चूक कुणाची यावर. मग दोघेही विल्फकडे वळले. तो नेहमीसारखं काहीतरी गोड बोलेल असं मला वाटलं.

"मी दोघांनाही हो म्हटलं होतं," विल्फ म्हणाला. "पण तुम्हाला एकमेकांचं ऐकूच येत नाही. आवाज कमी करा आणि एकमेकांशी बोला. माझ्याच्याने आता होत नाही."

मला त्याचा इतका अभिमान वाटला, की रडू आलं. ज्युलियनने डगीकडे पाहिलं. डगीने होकारार्थी मान डोलावली.

"याला काढून टाकू," ज्युलियन म्हणाला.

कधी नव्हे ते त्यांचं एकमत झालं.

निरोप न्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा महिन्याभरात बँड फुटला. संगीताबद्दलचे मतभेद, असं वर्तमानपत्रात छापून आलं. जुनी नोकरी केव्हाच गेली होती. विल्फ आता लाँड्रीची गाडी चालवत होता. न्याहारी करताना त्याने ती बातमी परत परत वाचली.

"मतभेद कसले गं? दोन वेगळी गाणी गायले तरी कुणाला कळलं नाही, इतके ते एकसारखे होते." मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो असतो, तर बँड टिकला असता ना?"

मी त्याच्या बशीत आणखी एक अंडं वाढलं. टिकला असता, आणि मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचाच येतो.