डावीकडून येणारी पावलं

“मंदारला बसवा,” टीम चालवणारे केतनभाई म्हणाले. “पात्रता फेरीसाठी शुक्रवारी पाच नावं पाठवायची आहेत. त्यात त्याचं नको.”

सोमवारची सकाळ होती. गोत्रीतल्या आमच्या ऑफिसात एसीचा मेकॅनिक आलेला, त्यामुळे हे बोलणं पॅन्ट्रीत चहाच्या मशीनपाशी उभ्या उभ्या चाललं होतं.

“तो कप्तान आहे,” मी म्हटलं.

“खबर छे, बेन, माहीत आहे मला. पण रिफ्लेक्स गेले त्याचे. एकोणतीस पूर्ण झाले. बाकीची पोरं वीस-एकवीसची. तुम्ही तीन आठवडे मेहनत घेतली ना? फरक पडला?”

फरक पडला नव्हता.

मी मोबाइल गेम खेळणाऱ्या एका टीमची कोच आहे. समा भागातल्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “ते झालं, पण नोकरी कुठे करता?” हीच नोकरी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्याआधी बारा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी एकदा ऑफिसात येऊन पाऊण तास खेळ बघितला आणि घरी जाऊन आईला सांगितलं, “लपंडाव आहे. फक्त बंदुका आहेत.” याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

पंधरा-सोळा टीम्स एका बेटावर उतरतात. प्रत्येकीत चार खेळाडू, पाचवा राखीव. बेटावरचं सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं, बाहेर राहिलेला मरतो, आणि शेवटी उरलेले सगळे दोन-चार घरांत कोंडले जातात. तिथे जी मारामारी होते तिला क्लोज रेंज म्हणतात. जिना, दार, भिंतीचा कोपरा. समोरचा माणूस आठ-दहा पावलांवर असतो. लांबून नेम धरायला वेळ मिळतो. इथे अर्धा सेकंदही मिळत नाही. लांबची लढाई जिंकणाऱ्या टीम्स पुष्कळ आहेत. सामन्यांचा निकाल लागतो तो या जिन्यांवर.

मंदार दोन वर्षं आमचा जिन्यावरचा माणूस होता. घरात कोणी शिरायचं असलं की पहिला तो. राहायला प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, वडील वर्कशॉपमध्ये. स्वभावाने शांत. मला ताई म्हणतो, कारण सगळ्या टीममध्ये घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आणि हा मंदार गेला महिनाभर जिन्यावर, दारात, खोलीत, सगळीकडे आधी मरत होता.

मग मी जे कोच करतात ते केलं. सराव वाढवला.

क्लोज रेंज सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं? पहिली गोष्ट क्रॉसहेअरची, म्हणजे स्क्रीनच्या मधल्या नेमाच्या खुणेची. चालताना ती जमिनीकडे झुकलेली असते. ती कायम छातीच्या उंचीवर ठेवायची आणि कोपरा यायच्या आधीच कोपऱ्यावर न्यायची, म्हणजे माणूस दिसल्यावर फक्त बोट दाबायचं उरतं. दुसरी गोष्ट, जवळच्या लढाईत स्कोप उघडायचा नाही. दुर्बिणीतून बघायला लागलं की आजूबाजूचं दिसत नाही. तिसरी, गोळ्या झाडताना एका जागी उभं राहायचं नाही. चौथी जायरोची: फोन हातात किंचित कलवला की नेमही कलतो. ते मनगटात बसायला शेकडो वेळा करावं लागतं.

मंदारने ते शेकडो वेळा केलं. ट्रेनिंग रूममध्ये मी त्याला टीममधल्या हर्षसमोर उभं करायची, एकास एक. तिथे तो दहातले आठ डाव घ्यायचा. सामन्यात गेला की पुन्हा तेच. हर्ष म्हणायचा, “भाई प्रेशर में आ जाता है.” मलाही तेच वाटायला लागलं होतं.

केतनभाई चहा संपवून म्हणाले, “त्याला मी सांगतो. पण व्हिडिओ काढून द्या दोन-चार, जिथे तो स्लो पडतो. नुसतं तोंडी सांगितलं तर वाईट वाटेल त्याला.”

व्हिडिओ दाखवल्याने कमी वाईट कसं वाटेल हे मला कळलं नाही. पण मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

दुपारी बसले. आमच्या प्रत्येक सामन्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग असतं. महिन्याभरात मंदार जवळून मेला अशा सव्वीस जागा मी काढल्या. टेस्टिंगची सवय, म्हणून एक तक्ता केला. कुठे मेला, हातात कोणतं हत्यार, किती वेळात वळला, शत्रू कोणत्या बाजूने आला. मला वेळेचा रकाना हवा होता. केतनभाईंना तोच दाखवायचा होता.

वेळेचा रकाना भरताना मी अडखळले. तो हळू वळत नव्हता. पटकन वळत होता, अगदी पहिल्यासारखा. पण चुकीच्या बाजूला. शत्रू डावीकडून, हा उजवीकडे वळला. शत्रू डाव्या दारातून, हा उजव्या खिडकीकडे. मग चूक लक्षात येऊन परत फिरायचा, तोवर खेळ संपलेला. सव्वीसपैकी एकवीस वेळा शत्रू डावीकडून आला होता. आणि ट्रेनिंग रूममध्ये तो जिंकत होता, कारण तिथे हर्ष समोरून यायचा. समोरच्याला शोधावं लागत नाही.

बंद घरात शत्रू आधी दिसत नाही, ऐकू येतो. पावलं वाजतात. डाव्या कानात जास्त वाजली तर तो डावीकडे, उजव्यात जास्त तर उजवीकडे. स्क्रीनवरच्या छोट्या नकाशावर पावलांची खूणही उमटते, पण ती बघायला नजर कोपऱ्यात न्यावी लागते, आणि तेवढ्यात माणूस मरतो. चांगले खेळाडू कानावर वळतात.

मला हायसं वाटलं. इयरफोन खराब! त्याचा डावा तुकडा गेला असणार. एक नवीन जोडी आणली की झालं.

मंगळवारी सकाळी मंदारला खुर्चीत बसवलं. डोळे मिटायला लावले. गेममध्ये हर्षला त्याच्याभोवती चालायला सांगितलं. पाऊल ज्या बाजूने ऐकू येईल तिकडे मंदारने हात करायचा.

हर्ष उजवीकडे चालला. मंदारचा हात उजवीकडे. हर्ष डावीकडे गेला. हात थांबला, मग पुन्हा उजवीकडेच. बाकीचे हसले. हर्षने अजून दोन फेऱ्या मारल्या. हात तिथेच. मग कोणी हसलं नाही.

“आता इयरफोन उलटे घाल,” मी म्हटलं. “डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात.”

टेस्टिंगमध्ये हेच करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डावा इयरफोन खराब असता, तर उलटे घातल्यावर हात डावीकडे जायला हवा होता.

हात उजवीकडेच गेला.

“मंदार, डोळे उघड,” मी म्हटलं. “तुला डाव्या कानाने ऐकू येतं का?”

“येतं की,” तो म्हणाला. मग त्याने हात डाव्या कानाला लावला. “म्हणजे, येत असणार. मी कधी बघितलं नाही, ताई.”

मी त्याला पॅन्ट्रीत नेलं. त्याने पाणी घेतलं, प्यायला नाही.

“मागच्या आठवड्यात घराजवळ एक रिक्षा अंगावर आली,” तो म्हणाला. “डावीकडून. मी स्कूटरवर. रिक्षावाला किती वेळ हॉर्न देत होता म्हणे. शिव्या घातल्या त्याने. मला वाटलं, खरंच रिफ्लेक्स गेले. गेममध्ये पण आणि बाहेर पण. तुम्हाला सांगणारच होतो की मला काढा. मेसेज लिहून ठेवलाय.”

त्याने फोन दाखवला. मेसेज खरंच लिहिलेला होता. सुरुवात होती, ‘ताई, तुमची काही चूक नाही.’ पुढचं मी वाचलं नाही.

जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी उद्याची वेळ दिली, मग विचारलं, “तकलीफ क्या है?” मी सांगितलं की एका कानाने कमी ऐकू येतं, महिन्याभरात सुरू झालंय. त्यांनी फोन होल्डवर टाकला आणि परत येऊन म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात आजच या. आत्ताच या.”

त्या ‘आत्ताच’वर मी मंदारला घेऊन लगेच निघाले. रिक्षात मी मोबाइलवर शोधलं, जे करू नये ते. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर कधी कधी आतली नस गेलेली असते, आणि उपचाराला दिवस मोजके असतात असं लिहिलं होतं. आमचा महिना उलटला होता. त्यातले तीन आठवडे मी त्याला ट्रेनिंग रूममध्ये जायरो शिकवत होते. मंदार शेजारी बसून बाहेर बघत होता. तो माझ्या उजव्या हाताला बसला होता, म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे. मी हळूच म्हटलं, “घाबरू नकोस.” त्याने उत्तर दिलं नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी दिवा लावून कानात बघितलं, आधी उजव्या, मग डाव्या. डाव्यात बराच वेळ.

“कानात काय घालता?” त्यांनी हिंदीत विचारलं.

मंदारने इयरफोन काढून दाखवला. टोकाला फोमचं बोंड. पिळून आत सरकवायचं, मग ते कानात फुगतं आणि बाहेरचा आवाज बंद होतो. स्टेजवर गोंगाट असतो, म्हणून दोन महिन्यांपूर्वी सगळ्या टीमला हेच वापरायला लावले होते.

“कोणी दिले हे?”

“मी,” मी म्हटलं.

“रोज किती तास?”

“सात-आठ.”

“याचा डावा कान आतून अरुंद आहे. रोज सात-आठ तास मळ आत ढकलला गेलाय. पडद्यापर्यंत बूच बसलंय.”

“म्हणजे फक्त मळ?” मंदार म्हणाला.

“ते आत्ता नाही सांगणार. मळ आहे म्हणून आतलं ठीकच आहे असं होत नाही. आधी काढू, मग मोजू.”

बारीक नळीने त्यांनी तो ओढून काढला. दहा मिनिटं लागली. मंदार एकदम दचकला आणि छताकडे बघायला लागला. “पंखा वाजतो?” त्याने विचारलं. पंखा चांगलाच वाजत होता. मी आल्यापासून ऐकत होते.

मग एका काचेच्या खोलीत बसवून तपासणी. हेडफोनमधून बारीक आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. काचेतून मला त्याचा अंगठा दिसत होता. उजव्या कानात आवाज आला की बटण दाबत होता. मग तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टने आवाज डाव्या कानात सोडला. थोडा वेळ अंगठा हललाच नाही. मग दाबला. पुन्हा दाबला. मग एकामागून एक.

कागदावर दोन रेघा आल्या, एक लाल, एक निळी. जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. डॉक्टरांनी बघून कागद माझ्याकडे सरकवला. “दोन्ही कान उत्तम. नस ठणठणीत.”

मंदार बाहेर येऊन बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मीही हसले. वेटिंग रूममधले आजोबा आमच्याकडे बघत राहिले. तिथेच बसून त्याने तो मेसेज डिलीट केला.

बुधवारी सकाळी केतनभाईंच्या केबिनमध्ये गेले.

“व्हिडिओ काढले?” त्यांनी विचारलं.

“काढले. तो स्लो नव्हता. कानात मळ होता.”

त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. “मेल? कानमां?”

मी डॉक्टरांचा कागद ठेवला. शेजारी माझा तक्ता. त्यांनी आधी तक्ता वाचला, मग कागद, मग खुर्चीत मागे टेकले. “अरे भगवान. आणि आपण म्हातारा समजून त्याला घरी बसवत होतो.”

“आपण दोघंही,” मी म्हटलं. “आणि ते इयरफोन माझी आयडिया होती.”

शुक्रवारी पाच नावं गेली. पहिलं मंदारचं.

पात्रता फेरी दहा दिवसांनी झाली. मंदार दर तासाला इयरफोन काढत होता, साध्या रबरी टोकाचे. सगळं छान झालं असं नाही. पहिले दोन सामने आम्ही खराब खेळलो, त्यातला एक हर्षने घाईत बाँब स्वतःच्याच खोलीत टाकल्यामुळे. चौथ्या सामन्यात शेवटचं वर्तुळ एका दुमजली घरावर आलं. मंदार जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. डावीकडच्या गॅलरीतून कोणीतरी आलं. दिसायच्या आधी मंदार तिकडे वळलेला होता. मी मागे उभी होते, मला पावलं ऐकू येत नव्हती. मला फक्त नेम दारावर गेलेला दिसला, छातीच्या उंचीवर, आणि मग दारात माणूस आला.

शेवटच्या पात्र जागेवर का होईना, आम्ही पुढे गेलो. मंदारने घरी फोन केला. वडिलांशी बोलताना फोन डाव्या कानाला होता. मुद्दाम धरला होता का, ते मी विचारलं नाही.

आता आमच्याकडे नियम आहे. कोणाचा खेळ अचानक उतरला तर पहिल्या दिवशी कान, डोळे आणि मनगट तपासायचं, दुसऱ्या दिवशी फोन आणि इयरफोन. सराव वाढवायचा तो तिसऱ्या दिवसापासून. केतनभाई म्हणतात, एवढ्या साध्या गोष्टीला नियम कशाला? मी त्यांना सांगते, बारा वर्षं टेस्टिंग करून मला ती सुचायला तीन आठवडे लागले, म्हणून.